टाळीनंतरचा दर

मी माइक बोलतोय. ऐकणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण एका बाईबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझी भावंडं गायकांकडे गेली, सभागृहांत गेली. मला जिने विकत घेतलं, तिने थेट कपाटात डांबलं! मी हिरमुसलो. मग तीच आत येऊन बसली, दार लावून घेतलं आणि कोट-रजयांच्या मध्ये छोटा दिवा लावून पुस्तक वाचू लागली. कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात. ते कपाट म्हणजे तिचा स्टुडिओ होता.

ती ऑडिओबुकं वाचते. म्हातारा राजा, भांडखोर सून, शेंबडं पोर, सगळी तिच्या एकाच गळ्यात नांदतात. आत पंखा चालत नाही, कारण मी तोही ऐकतो. घाम पुसत ती थंडीचं वर्णन असं वाचते, की माझ्या जाळीवर काटा यावा. पोट गुरगुरलं, वाक्य पुन्हा. शेजाऱ्याने खिळा ठोकला, वाक्य पुन्हा. आणि लोक विचारतात, "नुसतं वाचायला काय लागतं?" माझी वायर तापते अशा वेळी!

तिला पहिलं काम देणारे सर छोटी प्रकाशनसंस्था चालवतात. आजही तिचं निम्मं काम त्यांचंच. दरही पहिल्या दिवसाचाच. घरभाडं चढत गेलं, दर जागचा हलला नाही. सर वाईट नाहीत. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.

शेवटी तिने मनावर घेतलं. तालीम माझ्यासमोरच सुरू झाली. "सर, राग मानू नका, म्हणजे जमलं तरच, थोडासा दर..."

बाहेरून तिच्या ताईने दारावर थाप मारली. "पैसे मागतेयस की माफी?"

"गप गं ताई! त्यांनी काम काढून घेतलं तर भाडं तू भरशील?"

"भरीन. पण मग कपाट माझं. माझे कपडे किती वर्षं खुर्चीवर लोळतायत!"

तेवढ्यात सरांचाच फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"पोरी, नवी कादंबरी पाठवतोय. चांगली जाडजूड आहे हं!"

"सर, एक बोलायचं होतं. राग मानू नका, जमलं तर थोडासा दर..."

ती अडखळली. आणि सवयीने तिने टाळी वाजवली.

आमच्याकडे वाक्य चुकलं, की टाळी वाजवून तेच वाक्य पुन्हा वाचतात. तपासणारा टाळी शोधतो आणि तिच्या आधीचं चुकलेलं वाक्य कापतो. तिची रेकॉर्डिंगं सर स्वतः तपासतात.

 टाळीनंतर थांबणं तिला ठाऊकच नाही.

"सर, या कादंबरीपासून माझा दर दीडपट असेल."

ना घसा खाकरला, ना आवाज शेवटी पडला. काय वाक्य घेतलं हो!

"दीडपट? अगं, तू तर घरची."

"म्हणूनच सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं."

सर गप्प झाले. तीही गप्प राहिली. एकदाही "पण बघा, तुमच्या सोयीने" म्हणाली नाही. मग पलीकडे हसू फुटलं.

"बरं बाई, टाळीच्या आधीचं कापतो. पण या दरात जाडजूड नाही परवडणार. छोटी पाठवतो."

"चालेल, सर."

ती मोठी कादंबरी दुसऱ्या कुणाकडे गेली. तिला दोन दिवस हळहळ वाटली, मला मुळीच नाही. आता ती छोटी वाचतेय. संध्याकाळी लवकर बाहेर पडते, ताईशी भांडते, आणि सकाळी आत येते तेव्हा आवाज ताजा असतो. असा ताजा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

माझी जाळी चेपलीय, मधूनच खरखरतो. फार दिवस काही मी पुरणार नाही. म्हणून एकेकट्याने काम करणाऱ्या सगळ्यांना आताच सांगतो: कुणी आपणहून विचारेल, याची वाट किती पाहाल? आकडा सांगा आणि गप्प राहा. ती शांतता तुम्हाला भयंकर लांब वाटेल. ती भरून काढू नका.