कानसेन

“सिस्टर, तुम्ही काही सांगूच नका. गाडी फक्त खड्ड्यावर घ्या,” दादा म्हणत होता. “खाली माझा धाकटा भाऊ आहे. पाना न लावता आजार सांगतो. उगाच नाही अख्खं गाव त्याला कानसेन म्हणत.”

गॅरेजच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या कानसेनला यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. त्याची गरजही नव्हती. तीस वर्षं दादा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हेच सांगत आला होता, याच शब्दांत, आणि शेवटी बोनेटवर थाप मारत आला होता. थाप मात्र त्याला ऐकू आली. जाडेभरडे आवाज अजून यायचे. गेले होते ते बारीक. आधी गजराचं घड्याळ मुकं झालं, मग बायकोच्या बोलण्यातली अक्षरं विरायला लागली, आणि मग बेअरिंगची कुरकुर, गिअरच्या दातऱ्यांची शिट्टी. म्हणजे नेमकं ज्याच्यावर त्याचं नाव उभं होतं ते सगळं.

बायकोला सांगावं लागलं नव्हतं. “एकदा दाखवून तरी या,” ती त्याच्यासमोर येऊन म्हणायची.

“दाखवलं की मशीन लावतील. कानाला मशीन लावलेला कानसेन. लोक पोट धरून हसतील.”

ती हसायची नाही.

गाडी म्हातारी सेडान होती, मागच्या चाकांवर चालणारी. मालकीण निवृत्त नर्स. खड्ड्याच्या काठाशी वाकून ती म्हणाली, “मागून शिट्टी वाजते हो. आणि खाचखळग्यात दणके बसतात. परवा डोंगरापलीकडे जायचंय, बहिणीला आणायला. एकटीच आहे मी. वाटेत काही झालं तर?”

ती वाकून, तोंड दाखवून बोलली म्हणून त्याला सगळं कळलं. त्याने मागची चाकं अधांतरी करून एक चाक एका हाताने फिरवलं आणि दुसरा तळवा डिफरन्शियलवर ठेवला. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा तो मधला लोखंडी गोळा. त्याच्या आत वाळू चावल्यासारखं काहीतरी हाताला लागलं. खालचा बोल्ट सैल करून त्याने थेंबभर तेल बोटांवर घेतलं. काळ्या तेलात बारीक चकाकी होती.

“दात झिजलेत,” तो म्हणाला. “मागचे शॉकअप गेलेत, सांध्यातले बुशही गेलेत, म्हणून दणके. बरं झालं आणलीत. उतारावर दात तुटला असता तर मागची चाकं जागच्या जागी जाम झाली असती.”

“बघा,” दादा म्हणाला. “आवाजावरून ओळखलं.”

कानसेनने बोटांवरचं तेल फडक्याला पुसलं. दीड वर्ष तो हेच करत होता. हाताने ओळखायचं आणि कानाच्या नावावर खपवायचं.

एकदा तो या गॅरेजातून सुटणार होता. लग्नाला दोन वर्षं झाली असताना दुसऱ्या गावच्या बस डेपोतून बोलावणं आलं होतं, राहायला खोल्यांसकट. बायकोने भांडी पोत्यात भरलीसुद्धा. आदल्या संध्याकाळी दादा घरी आला, बराच वेळ बसला आणि म्हणाला, “गॅरेज माझं असेल, पण गिऱ्हाईक तुझ्या कानाचं आहे. तू गेलास की मी कुलूप लावतो.” बायकोने भांडी पुन्हा फळीवर मांडली. त्या दिवसापासून हा खड्डा. सहा फूट लांब, खांद्याइतका खोल.

दोन दिवस तो त्यातून जेमतेम वर आला. स्प्रिंगा उतरवल्या, गंजलेले बुश ठोकून काढले, शॉकअप बदलले. डिफरन्शियल छातीशी धरून बाकावर आणलं, नव्या दातऱ्या बसवल्या. दातांना रंग लावून फिरवल्या आणि ठसा कुठे उमटतो ते चष्म्याआडून पाहिलं. दातांच्या पुढच्या बाजूला ठसा मधोमध होता. मागच्या बाजूला, वेग सोडला की जी घासते तिथे, किंचित कडेला सरकलेला. पूर्वी अशा वेळी तो म्हणायचा, गाडी चालवू, कान सांगेल. या वेळीही, सवयीने, तो तेच म्हणाला आणि झाकण लावलं.

ट्रायलला सिस्टर शेजारी बसली. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. दणके गेले होते. त्याने वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला.

“काही ऐकू येतंय?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. “पाय उचललात की शिट्टी येते. चांगली मोठी आहे.” मग म्हणाली, “तुम्हाला नाही येत?”

त्याने गाडी कडेला घेतली.

“माझ्या तोंडाकडे बघून बोलता तुम्ही. वॉर्डात पुष्कळ पाहिलेत मी असे. यंत्रांच्या गदारोळात जन्म काढलेले. यात लाजायचं काय?”

“लाज नाही हो सिस्टर,” तो म्हणाला. “दुसरं काही येतच नाही मला.”

गॅरेजमध्ये परत आल्यावर त्याने दादाला टायरांच्या रांगेमागे नेलं. “दादा, गाडीत शिट्टी आहे अजून.”

“मग उघड परत. त्यात काय?”

“मला ऐकू आली नाही. सिस्टरना आली.”

दादाने बाहेर ताटकळलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. “हळू बोल.”

“मला कमी ऐकू येतं, दादा.”

“माहीत आहे मला. वर्ष होऊन गेलं. मागून हाक मारली तर वळत नाहीस तू.”

“मग रोज लोकांना काय सांगत असतोस?”

“दुसरं काय सांगू? शॉकअप कुणीही बदलून देतं.”

“मला थांबायचंय.”

“थांबून काय करशील?” दादाने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

दादा बाहेर आला. “सिस्टर, तो म्हणतोय अजून बारीकशी शिट्टी आहे. दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. आज पुन्हा उघडतोय.”

सिस्टरने कानसेनकडे पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं, ही आता सांगून टाकेल. तिने सांगावं अशी त्याची फार इच्छा झाली.

“बरं,” ती म्हणाली. “मी थांबते.”

तिने त्याची अब्रू राखली होती. तो पुन्हा खड्ड्यात उतरला.

ठसा मधोमध यायला दुपार गेली. दुसऱ्या ट्रायलला तो चालवत राहिला आणि ती ऐकत राहिली. चौथ्या वळणानंतर तिने नकारार्थी मान हलवली. शिट्टी गेली होती. जाताना तिने एका डॉक्टरचा पत्ता लिहून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो घडी करून खिशात घातला.

तोवर दुसरी गाडी खड्ड्यावर आली होती. वरचा उजेड गेला. तो खाली उभा राहून तेलाने माखलेले हात पुसत होता. दादाच्या चपला काठाशी येऊन थांबल्या, त्यांच्या शेजारी कुणाचे तरी नवे बूट. दादा काहीतरी विचारत होता, शब्द कळत नव्हते. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. चपला जागच्या हलेनात.

“हो,” कानसेन म्हणाला.

चपला वळल्या. पाठोपाठ बूटही.