गोल फोटोला बाहेर नसतं

गोल फोटो मी पहिल्यांदा शिवला तो २००२ साली, आमच्या गोव्यात साखळीला, काशिनाथ मास्तरच्या कॉम्प्युटर क्लासात. ‘शिवला’ हा शब्द माझा नव्हे. त्या धंद्यातच तसं म्हणतात. एका जागी उभं राहून चोहीकडचे फोटो काढायचे, मग कॉम्प्युटरात एकाची कड दुसऱ्याच्या कडेवर चढवून शिवायचे, की गोल तयार. पडद्यावर माऊस ओढावा तसं ते चित्र फिरतं. उजवीकडे ओढा, डावीकडे ओढा, पाठीमागे बघा. आपण खुर्चीत, आणि मान दुसऱ्याच गावात.

डिचोलीच्या बाजारात माझा स्टुडिओ होता. तीस वर्षं लोकांना ‘हनवटी जरा वर’ सांगण्यात गेली होती, त्यामुळे हे नवं खूळ डोक्यात घुसायला वेळ लागला नाही. बायकोचा जेवणाचा पाट कापून मी त्याची गोल चकती केली, कंपासपेटीतल्या कोनमापकाने तीस-तीस अंशांवर बारा खुणा मारल्या आणि ती स्टँडवर बसवली. एकेका खुणेवर एकेक फोटो. प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा परत आला पाहिजे, नाही तर शिवण धरत नाही. आणि कॅमेरा भिंगाच्या खाली खिळा मारून फिरवायचा. बुडाखाली मारलात तर जवळचा खांब एका फोटोत दाराच्या अलीकडे, दुसऱ्यात पलीकडे, आणि शिवताना एका खांबाचे दोन.

पहिला प्रयोग बाजारात केला. एक गाय सहा पायांची निघाली आणि आमचा सायकलवाला पोदेर एकाच वेळी चार कोपऱ्यांवर पाव विकताना दिसला. त्यातल्या तिसऱ्याचे पाव मला जास्त भाजलेले वाटले. काशिनाथ म्हणाला, "काका, माणूस तुमच्यासंगट चालला की असं होतंय बघा." तो बेळगावकडचा. त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नसे. म्हणून तर पुढे मुळगावचे फोटो शिवले त्या दिवसापर्यंत मला तो आवडायचा.

त्यानंतर आठवड्याभरात मुळगावचा नारायण स्टुडिओत आला. टोपी हातात, तोंड आंबट.

"बाबलीबाब, तुमच्या त्या फोटोत चोहीकडचां सगळां येता मा?"

"सगळां. तुझ्या पाठीमागचांसुद्धा."

"मगे उद्यां सकाळीच येवा. वयनी हट्ट धरून बसली आसा."

वयनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, सगुणची बायको, शेवंती. सगुण १९९० साली वास्कोला बोटीवरच्या कामाला म्हणून गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. त्याला बारा वर्षं भरली होती. बारा वर्षं माणसाची काही खबर नसली की आमच्याकडे त्याचा पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ मोजून घ्यायचे, इतके डोक्याचे, इतके छातीचे, इतके पायांचे, असे मांडून माणूस करायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे तो मेला. म्हणजे बायकोनं कुंकू पुसायचं.

शेवंतीला ते पुसायचं नव्हतं. एवढीच सगळी गोष्ट.

मी मुळगावला पोचलो तेव्हा ओसरीत भटजी देठ मोजत होते. विधी दुसऱ्या दिवशी होता. "तीनशे साठ, बरोबर," असं म्हणून त्यांनी केळीच्या दोरीनं जुडी बांधली. शेवंती दारात उभी. कपाळावर कुंकू असं, की लांबून आधी तेच दिसावं.

"तुमी आमच्या लग्नाचो फोटो काढललात. आठवता?" तिनं विचारलं.

आठवत होतं. सतरा माणसांचा ग्रुप. नवऱ्याचं फक्त कोपर आलं होतं. ऐन वेळी तो कडेला सरकला, आणि फोटो धुतल्यावरच मला कळलं.

"जन्मभर तसोच," ती म्हणाली. "कोण फोटो काढूंक लागलो की हो कडेक. बारशाक कडेक, चवथीक कडेक. आता गोल फोटोक कड नसता म्हणतत. तो जर खंय आसपास आसलो तर त्यात येतलो. आणि आयलो ना, तर मी आपण होवन कुंकू पुसतंय. मगे करा तुमचो विधी."

नारायणनं मला विहिरीपाशी नेऊन हळूच सांगितलं, "कायतरी काळांबिळां दिसलां तर काढून टाका, बाबलीबाब. शिवतना काढूंक येता म्हणां."

"येता."

खरंच येतं. कडेची प्रत्येक जागा दोन-दोन फोटोंत असते. ज्यात नको असलेला माणूस नाही ते ठेवायचं आणि दुसरं कापायचं. शिवण्याची खरी गंमत तीच.

घराचं दार, दाराच्या दोन्ही अंगांना बसायचे सिमेंटचे दोन सोपे. पुढे तुळस, उजवीकडे माड, डावीकडे विहीर. खाणीची तांबडी धूळ सगळ्यांवर, पानांवरसुद्धा. डावा सोपा सगुणचा, असं शेवंतीनं सांगितलं. तिथे बसून तो विडी ओढायचा.

स्टँड लावला, चकती पातळीत आणली, उजेड एकदाच मापून कुलूपबंद केला, कारण दर फोटोला उजेड बदलला की आकाशाला ठिगळं पडतात. मग सगळ्यांना आत पाठवून दार लोटून घेतलं. आणि तीस वर्षांच्या सवयीनं, रिकाम्या अंगणाला खणखणीत आवाजात सांगितलं, "कोण आसात ते फ्रेमीच्या भायर रावा रे!"

आपलंच बोलणं ऐकून मला हसू आलं. ते हसू कुठेतरी डाव्या हाताला जाऊन थांबल्यासारखं वाटलं.

पहिला फोटो दाराचा. मग उजवीकडे एकेक खूण. दुसरा, तिसरा. चौथ्याला पाठीमागे अनवाणी पाऊल वाजलं. शेणानं सारवलेल्या अंगणात पाऊल कसं वाजतं ते मला माहीत आहे, उगाच सांगत नाही. पाचव्याला परत एक. मी फिरेन तसं ते फिरत होतं, बरोबर माझ्या पाठीआड. शहाणा माणूस फ्रेमबाहेर राहायला असंच करतो, स्टुडिओतले माझे मदतनीस असेच फिरत. नवव्याला विडीचा वास आला. मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर चकती हलली असती, असं मी लोकांना सांगतो.

बारावा फोटो डाव्या सोप्याचा. तो मला कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसला. रिकामा. बटण दाबलं, आणि पाठीमागचं पाऊल थांबलं.

दुपारी आम्ही तिघं साखळीला. मी, नारायण आणि शेवंती. काशिनाथनं कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून बाराही फोटो पडद्यावर ओळीनं मांडले. पहिल्यात दार, दुसऱ्यात उजवा सोपा, मग माड, तुळस, रस्ता, असं करत बाराव्यात विहीर.

"सोपो खंय?" शेवंती म्हणाली.

डावा सोपा कुठल्याच फोटोत नव्हता. अकराव्यात नाही, बाराव्यात नाही. पहिल्या फोटोत दाराच्या डाव्या अंगाला त्याची निदान कड यायला हवी, तर तिथे फोटो दाराच्या चौकटीलाच संपत होता. बारा फोटो, बारा खुणा, आणि काशिनाथनं शिवून बघितलं तर बेरीज तीनशे तीस अंश. विहीर आणि दार यांच्यामध्ये काळी पट्टी. एक माणूस आरामात बसेल एवढी रुंद.

"भिंगाचा आकडा चुकला असणार," म्हणून त्यानं तो बदलून पाहिला. माड वाकडे झाले, घर फुगलं, पट्टी तेवढीच राहिली. चार वेळा शिवलं, चार वेळा तेच. मग तो टेबलावरून उठून दाराशी जाऊन उभा राहिला. "काका, असं होत नसतंय बघा," म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात क्लासातला फोन वाजला. मुळगावहून भटजी. नारायणनं ऐकलं आणि रिसीव्हर हातात धरूनच सांगितलं, "देठ तीस कमी भरतत. तीन फावटी मोजले. तीनशे तीस."

त्यानं रिसीव्हर खाली ठेवला आणि दाराशी उभ्या काशिनाथकडे बघितलं.

शेवंती मात्र पडद्याकडेच बघत होती. "बाबलीबाब, फोटो काढूच्या आधी तुमी काय बोललात? मी आतून आयकलां."

"मी? काय ना. सवयीचां. फ्रेमीच्या भायर रावा म्हणून."

"तुमीच सांगितलात तर!" ती हसली, आणि ते हसू पावलांपेक्षा वाईट होतं. "गोल फोटोक भायर खंय आसा? मगे तो जातलो खंय? आपली जागा घेवन गेलो बापडो."

"वयनी," नारायण दबक्या आवाजात म्हणाला, "आसून दिसत ना, म्हणजे तो मेलोच."

"दिसूचां ना ही त्याची जुनी खोड, नारायणभावजी. लग्नात मेलेलो काय तो?"

शेवंती पाणी प्यायला बाहेर गेली, तसा नारायण माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. तो वाईट माणूस नव्हता. बारा वर्षं तो भावाच्या नावानं ताट वाढत होता आणि कावळ्याला घालावं की झाकून ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. "बाबलीबाब, संपवा ह्या. ती पट्टी बुजवा. तुमकां येता. मेल्याक गती मेळूंदी, जित्याक मेळूंदी."

मला येत होतं. उजवा सोपा चित्रात होताच. तो कापला, आरशासारखा उलटा केला, काळ्या पट्टीत ठेवला, कडा पुसट केल्या. धूळ जुळली, सावली जुळली, भिंतीवरची भेगसुद्धा जुळली. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं. बटण दाबलं, गोल जुळला. तीनशे साठ.

शेवंती परत आली तेव्हा ‘जुळलां’ म्हणत माऊस तिच्या हातात दिला. तिनं ओढला. दार, सोपा, माड, तुळस, रस्ता, विहीर, सोपा, दार. पुन्हा एक फेरी. कुठे अडलं नाही. स्वच्छ, रिकामं अंगण. कोणीच नाही.

फोन वाजला. नारायणनं घेतला. "भरले? तीनशे साठ? बरोबर?" आणि खाली ठेवताना इतक्या वर्षांचा श्वास सोडला.

शेवंती तिसरी फेरी घेत होती. नव्या सोप्यापाशी ती थांबली. पडद्यावर बोट टेकवलं, तिथे, जिथे मी भिंत चिकटवली होती. "आयलो ना," एवढंच म्हणाली. मग साडीचा पदर बोटाला गुंडाळला आणि हात कपाळाकडे नेला. बोलल्याप्रमाणे, कुणी न सांगता. नारायणनं मान खाली घातली. काशिनाथ दारातून बाहेर बघू लागला.

मी आयुष्यात खोटे फोटो पुष्कळ काढले. काळ्याला गोरं केलं, मेलेल्याला जिवंत माणसांच्या रांगेत बसवलं, आणि रात्री छान झोपलो. पण ती उलटी केलेली भिंत माझी होती, सगुणची नव्हती. तिनं दिलेला शब्द माझ्या भिंतीवर उतरत होता. त्या यंत्रात दोन बटणं एकदम दाबली की केलेलं शेवटचं काम मागे जातं. मी ती दाबली.

सोपा गेला. काळी पट्टी परत आली.

"काय केलात ह्या?" नारायण ओरडला.

"भेग जुळत नव्हती," मी म्हटलं. ती जुळत होती.

शेवंतीचा हात कपाळापासून चार बोटांवर थांबला होता. तिनं पदर सोडला. माऊस धरला आणि चित्र हळूहळू फिरवत त्या काळ्या पट्टीपाशी आणलं. मग, एखाद्याला बसायला जागा करून द्यावी तशी, ती आपल्या खुर्चीत थोडी बाजूला सरकली.

फोन वाजायला लागला. भटजी काय सांगणार ते आम्हा चौघांनाही माहीत होतं. नारायणनं हात पुढे केला, पण रिसीव्हर काही त्याला उचलवेना.

"वाजूंदी," शेवंती म्हणाली.

क्लासातल्या बंद हवेत विडीचा वास येऊ लागला, आणि काशिनाथ, जो कधी ओढत नसे, खोकला.