एका घरातून एक नंबर

गल्लीच्या ग्रुपचा नियम एकच: एका घरातून एक नंबर. आता तो कुणाचा असणार, हे काय सांगायला हवं? बत्तीस घरं, एकतीस पुरुष आणि एक विधवा शिक्षिका. तिलाही नाइलाजानेच घेतलेलं.

गल्लीतली एक बाई कारखान्यात शर्टांना काजं करायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणत. तिच्या घरातून ग्रुपवर नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिहायचं म्हटलं की तो फोन तिच्यापुढे सरकवायचा. मग त्याच्या फोनवरून तीच लिहायची. तुंबलेलं गटार, बंद दिवा, सगळं तारीखवार. खाली अंगठ्यांची रांग आणि 'भाऊ, मानलं तुम्हाला.' नवरा आधी लाजायचा, पुढे पुढे मिशीला पीळ देऊ लागला.

अशात पालिकेने पाळणाघर सहाऐवजी चारला बंद करायचं काढलं. कारखाना सुटायचा साडेपाचला. म्हणजे पोरीसाठी काजवालीची नोकरी गेल्यातच जमा. ऑनलाइन सुनावणीत गल्लीतर्फे एकानेच बोलायचं होतं, आणि ग्रुपने एकमताने भाऊंना निवडलं.

"माझं नाव द्यायला सांगा ना," ती म्हणाली. नवऱ्याने ग्रुपवर विचारलं. गल्लीच्या सेक्रेटरीचं उत्तर लगेच आलं: 'वहिनींना कशाला त्रास? लिहिता तुम्ही, बोला तुम्ही.'

सुनावणीला तो इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसला. तिने लिहून दिलेल्या दोन ओळी वाचल्या, तोच पालिकेच्या साहेबांनी विचारलं, "चारनंतर मुलं किती असतात?"

हा कागदात आकडा शोधू लागला. शेजारी बसलेली ती पुढे झाली. "एकवीस. त्यातल्या सतरा जणांच्या आया..."

"बाई, तुमचं नाव यादीत नाही," म्हणत साहेबांनी आवाज बंद केला. माणूस वाईट नव्हता, नियमावर बोट ठेवणारा होता. आवाज बंद झालाय हे तिला कळलंच नाही. ती बोलतच राहिली, अगदी मुद्देसूद. नवऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सांगायला तोंड उघडलं, पण पुढच्या गल्लीचा नंबर लागला होता.

निर्णय विरोधात गेला. त्या संध्याकाळी त्याने खरं काय ते ग्रुपवर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं, आणि शेवटी 'माझ्याऐवजी हिचा नंबर घ्या' एवढंच लिहून ग्रुप सोडला.

दोन दिवसांनी तिला घेतलं. तिने लगेच लिहिलं: 'फेरसुनावणीचा अर्ज तयार आहे. सह्या हव्यात.'

एकही अंगठा आला नाही. तासाभराने सेक्रेटरीने लिहिलं: 'वहिनी, भाऊंना परत यायला सांगा. या प्रश्नावर त्यांच्यासारखं लिहिणारं ग्रुपवर कुणी नाही.'