दादाभाऊचा निरोप

बहिरू आणि बानूबाईच्या दोन्ही मुलांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. थोरला दादाभाऊ, पाठची आशा. घर मढ गावाच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. पण वर्षातले बरेच महिने बिऱ्हाड मेंढरांमागं फिरायचं. मुलांच्या शाळेचा विषय एकदा निघाला आणि तिथंच राहिला. दोघं कळपाबरोबर वाढली, आणि वाढता वाढता त्यांनी आपसांत हातांचं एक बोलणं तयार केलं. बानूबाईला त्यातलं भूक, पाणी, चल, दुखतंय एवढंच यायचं. बाकीचं दादाभाऊ तिला सोंग करून, मातीत रेघोट्या ओढून समजावायचा. आशाला तेवढा धीर नव्हता. ती भावाला सांगायची, भाऊ आईला.

एका हिवाळ्यात पेठला भिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. तिथं भिमाजींचा भाचा आदेश आला. माणसाला भाषा कशी आली असेल, याचा तो पुण्यात अभ्यास करायचा. बांधावर उभा राहून त्यानं या भावंडांचं बोलणं बराच वेळ बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन आला. बहिरूला त्यानं समजावलं, की मेंढरू वाघ दिसल्यावर ओरडतं, पण काल वाघ आला होता हे त्याला सांगता येत नाही. तुमची मुलं कालचं सांगतात, उद्याचं ठरवतात, आणि त्यासाठीचे शब्द त्यांनी स्वतःच घडवलेत. फार फार पूर्वी माणसाचं असंच काहीतरी झालं असेल. नक्की कुणालाच माहीत नाही, असंही तो म्हणाला. बहिरूला नवल वाटलं. आपली पोरं नुसते हातवारे करतात, असं तो इतकी वर्षं समजत होता.

पुढच्या पावसाळ्यात बिऱ्हाड घरी असताना आशा एका दुपारी डोंगरावरून एकटीच पळत आली. हात खरचटलेले, ओढणीला रक्त. तिनं बहिरूला ओढतच नेलं. दादाभाऊ कड्याखाली पडला होता. माणसं पोचली तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. वरच्या कपारीत एक कोकरू अडकलेलं सापडलं, त्यावरून काय झालं असेल ते सगळ्यांना कळलं.

दिवसकार्य उरकल्यावर आशा आईसमोर येऊन बसली. तिनं भुवईला बोट लावलं. दादाभाऊच्या भुवईवर व्रण होता, तेच त्याचं नाव, एवढं बानूबाईला माहीत होतं. मग आशानं छातीपासून हात पुढं आणला आणि आईकडं बोट केलं. त्यानंतर दोन बोटं दंडावरून मनगटापर्यंत उतरली, मूठ छातीला टेकली आणि तळहात वर उघडला. बानूबाईनं पाणी आणलं. आशानं तांब्या बाजूला सारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रोज तेच चाललं. चुलत जाऊ झुंबरबाई म्हणाली, पोरीनं धसका घेतलाय, देवऋष्याला दाखवा.

"तिला काय झालं न्हाई," बानूबाई म्हणाली. "ती बोलतीया. आपल्याला कळंना."

बहिरूनं आदेशला फोन लावला. तो लॅपटॉप घेऊन आला. आशानं त्याच्यासमोर सगळं करून दाखवलं. त्यानं जुने व्हिडिओ पुढं-मागं करून पाहिले, तिला पुन्हा करायला लावलं. चहा निवून गेला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "भुवई म्हणजे दादाभाऊ. हात छातीपासून पुढं आला की 'म्हणाला'. मग तुमच्याकडं बोट. त्यानं आईला काहीतरी सांगायला सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"ते मला येत नाही."

म्हणजे आशा कड्याखाली त्याच्याजवळ पोचली तेव्हा दादाभाऊ जिवंत होता. बहिरू उठला आणि मेंढरांच्या वाड्यात जाऊन उभा राहिला.

आदेश खाली मान घालून सांगत राहिला. आधी कोण येतं, मग कुणाला, मग काय केलं, हा क्रम त्यानं अभ्यासला होता. शब्दांचे अर्थ तो दादाभाऊलाच विचारायचा आणि दादाभाऊ सोंग करून दाखवायचा. पुढं सावकाश विचारू, असं त्याला वाटलं होतं. दंडावरून बोटं उतरण्याची खूण व्हिडिओत एकदाच होती, आणि तेव्हा दोघं हसत होती. बानूबाईनं विचारलं, पुण्यामुंबईला कुणाला तरी येत असेल ना? त्यानं मान हलवली. कर्णबधिरांच्या शाळेतली खुणांची भाषा वेगळी असते. ही दोघांचीच होती.

त्यानं अशा शाळेतल्या ओळखीच्या स्नेहल नावाच्या शिक्षिकेला आणलं. आशा शाळेतल्या खुणा शिकली, तर पुढंमागं त्या भाषेत सांगू शकेल, असं त्याला वाटत होतं. बाई काही आठवडे येत राहिल्या. आशा त्यांच्या हातांकडं बघायचीच नाही. ती आईकडं बघायची.

हळूहळू ते सांगणं कमी झालं, मग थांबलं. दिवाळीनंतर बिऱ्हाड निघालं. बानूबाईच्या मनात भीती शिरली, की आता आपणही ते विसरणार. चालता चालता ती पदराआड बोटं हलवून बघायची.

पिंपरी पेंढारला मुक्काम होता. सकाळी भाकरी थापून झाल्यावर तिनं पिठाचे हात पुसले आणि आशासमोर बसून सगळं केलं. भुवई, छाती, मग स्वतःकडं बोट, दंडावरून उतरणारी दोन बोटं, मूठ, उघडा तळहात.

आशा बघतच राहिली. तिनं पुढं होऊन आईचं मनगट जरासं फिरवून नीट केलं आणि मग तिचे हात सुटले. कितीतरी महिन्यांचं साचलेलं ती भराभर सांगू लागली. मधेच हसली, मधेच डोळे पुसले. भुवईला पुन्हा पुन्हा बोट जात होतं. आईला सगळं कळतं, असं तिला वाटलं होतं. बानूबाई मान डोलावत राहिली. थांबवायचं कसं, हे तिला समजेना, आणि थांबवावंसंही वाटेना.

मग आशानं भुवया उंचावून, दोन्ही हात पसरून काहीतरी विचारलं आणि ती थांबली.

बानूबाईनं मान डोलावली. आशानं तेच पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, एकेक खूण सुटी करून. बानूबाईनं बहिरूकडं बघितलं. तो लांब मेंढरांभोवतीच्या वाघरेची जाळी गुंडाळत होता.

"बाळा, मला येत न्हाई गं," ती म्हणाली आणि तिनं आशाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

आशानं ते सोडवून घेतले. आईच्या तोंडाकडं क्षणभर पाहिलं, आणि काठी उचलून ती मेंढरांकडं गेली.