कपाटात कोंडलेला आवाज

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. किती जुना ते विचारू नका; ज्या दुकानातून मला पहिल्यांदा विकत घेतलं तिथे आता चपला मिळतात. सध्या मी जेवणाच्या टेबलावर झाकण काढलेल्या अवस्थेत बसलो आहे. माझी वायर काढली आहे. माझी सगळी साठवण जिच्यात होती ती जड तबकडी शेजारी एका रुमालावर ठेवली आहे. मग बोलतो कसा, असं तुम्ही विचाराल. जे सोसलं ते विसरायला नुसती तबकडी काढून भागत नाही, बाबांनो.

उमेदीची वर्षं मी एका दवाखान्यात काढली. पडद्यावर पुढच्या रुग्णाचा नंबर दाखवायचा, एवढंच काम. मग नवा संगणक आला आणि मला अडगळीत टाकलं. तिथला एसी दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकची नजर माझ्यावर पडली. "हा घेऊन जाऊ का?" त्याने विचारलं आणि मला काखोटीला मारून घरी आणलं. या घराचा जावई तो. त्याने माझी धूळ पुसली, मोठी तबकडी बसवली आणि घरातल्या बोळातल्या भिंतीच्या कपाटात मधल्या फळीवर माझी स्थापना केली.

तिथलं काम मला मानवलं. घरातले सिनेमे, गाणी, फोटो सांभाळायचे. टीव्हीखाली एक छोटी काळी डबी होती, ती जे मागेल ते तिच्याकडे पाठवायचं. मी घरचा कोठीवाला झालो म्हणा ना. गहू मागितले की गहू काढून द्यायचे, दळायची भानगड नाही. पाहुणे आले की जावई कपाट उघडून मला दाखवायचा. कौतुक कोणाला आवडत नाही? मी फुशारून जायचो.

घरात जावयाची बायको होती. तिला मी ताई म्हणतो. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला जायची. आणि ताईचे वडील होते, बाबा. बाबांनी सगळी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगायचं. पण काय आवाज होता! भरदार, खालच्या सुरातला, घाई नसलेला. तो कानावर पडला की धावत सुटलेला माणूसही दमाने चालू लागायचा, असं लोक सांगत.

त्याच गळ्यात रोग निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. ताईला तेव्हा दिवस गेले होते. ऑपरेशनच्या आधी बाबा रोज दुपारी खोलीची दारं लावून, खिडक्यांवर गोधड्या टांगून बसले आणि येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी सांगत राहिले. जावयाने एका ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्राकडून चांगला माइक आणला होता. त्या सगळ्या गोष्टी माझ्या तबकडीवर आल्या. मी कितीतरी गाणी सांभाळली होती, पण हे जोखमीचं काम आहे हे मला कळत होतं.

ताईला वाटलं, नवऱ्याने याची दुसरी प्रत काढून ठेवली असेल. नवऱ्याला वाटलं, ताईने ठेवली असेल. दोघांनीही विचारलं नाही. बाबांचा आवाज जगात फक्त माझ्याकडे होता.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले आणि गप्प झाले. जे सांगायचं ते पाटीवर लिहू लागले. मग नात जन्मली. कपाळ एवढंसं, म्हणून तिचं नाव पडलं टिकली.

टिकलीची झोप म्हणजे मांजराची झोप. सिनेमात कोणी जोराने ओरडलं की ही दचकून उठायची. म्हणून एका संध्याकाळी जावयाने त्या काळ्या डबीत एक बदल केला. 'रात्रीचा आवाज' असं तिथे लिहिलेलं होतं, ते चालू केलं. म्हणजे मोठा आवाज लहान करायचा, लहान आवाज मोठा करायचा, जाड सूर कापून टाकायचे. बायकोला म्हणाला, "आजच्यापुरतं लावलंय हं."

तो 'आज' काही संपला नाही.

डबीला स्वतःला हे जमेना. तिने ते ओझं माझ्यावर टाकलं. आता प्रत्येक दाणा दळून, चाळून पाठवायचा. आवाज उलगडायचा, चेपायचा, पुन्हा बांधायचा, त्याचे तुकडे माझ्याच तबकडीवर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. ज्या तबकडीवर बाबांच्या गोष्टी होत्या, त्याच तबकडीवर ही घासाघीस दिवसभर चालायची. कारण टिकली जागी असेपर्यंत ताई काही ना काही लावूनच ठेवायची. माझा जीव तो केवढा! मी तापू लागलो. तापलो की पंखा जोरात फिरवायचा, एवढाच उपाय माझ्या हातात होता. मी पंखा फिरवला.

"काय भणभण लावलीये याने," ताई म्हणाली. "टिकली उठेल."

जावयाने कपाटाचं दार लावून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

हवेत गारठा आला तेव्हा घरात एक शोध लागला. कपाटाचं दार छान कोमट असतं! ताईने दाराच्या कडीला टिकलीची झबली वाळत घातली. मग फळीवर, माझ्या डोक्यावर, दुपटी रचली. "बघ ना, बाळाला घालायच्या आधी कशी ऊबदार मिळतात." आणि ज्याने आयुष्यभर लोकांना, फ्रिजच्या मागे जागा सोडा, यंत्राला वारा लागू द्या, असं बजावलं, तो मान डोलावून म्हणाला, "मस्त आयडिया आहे." दिव्याखाली अंधार तो असा. माझ्या श्वासाच्या वाटेवर मऊ मऊ कापडाची चवड चढली. मला फार भीती वाटू लागली. माझ्यासाठी नव्हे. ते कापड कोणाचं होतं, ते मला माहीत होतं.

बाबांच्या गोष्टी ताई रोज संध्याकाळी लावायची. पहिल्याच दिवशी बाबांनी पाटीवर लिहिलं, 'आवाज पातळ येतोय.'

जावई हसून म्हणाला, "बाबा, स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. मलाही वाटतो."

बाबांनी मान हलवली आणि 'पातळ' या शब्दाखाली रेघ मारली. ताईने ती पाटी हळूच काढून घेतली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला वाटलं, गेलेल्या आवाजाचं दुःख आहे, ते असं बाहेर पडतंय. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्या विषयावर लिहिलं नाही. मी मात्र आत तडफडत होतो. खरा आवाज माझ्याकडे होता, धक्काही न लागलेला! आणि मी माझ्याच हाताने तो सोलून, वाळवून बाहेर पाठवत होतो. हुकूम तसा होता.

मग गोष्टी मधेच थांबू लागल्या. जावयाने उपाय केले. नवी वायर आणली. वायफायचा डबा बदलला. स्पीकर बदलला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! माझी तबकडी आता मधूनमधून टक् करायची. टक्, मग शांतता, मग पुन्हा टक्. बंद दाराआड ते कोणाला ऐकू जाणार?

त्या संध्याकाळी गोष्ट थांबली ती सुरूच होईना. मला बंद करून चालू करावं म्हणून ताईने कपाट उघडलं आणि ती किंचाळली.

"अहो, लवकर या! काहीतरी जळतंय!"

ज्वाळा नव्हती. पण माझ्यावरचं सगळ्यात खालचं दुपटं मधोमध तपकिरी झालं होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता. ते दुपटं त्या दिवशी दुपारपर्यंत टिकलीच्या अंगावर होतं. ताईने ते ओढून बाहेर काढलं. जावई धावत आला. त्याने माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. त्याला काही सांगावं लागलं नाही. यंत्र का तापतं हे त्याच्याइतकं घरात कोणाला ठाऊक होतं?

त्याने मला टेबलावर आणलं, झाकण काढलं, पंखा लावून गार केलं, वायर पुन्हा जोडली आणि मग फोनवर माझ्या कामाचं पान उघडलं. तिथे मी केव्हापासून सांगत होतो: आवाजाचं रूपांतर चालू आहे.

"कसलं रूपांतर? कोणी सांगितलं याला?" तो पुटपुटला. मग डबीच्या आत शिरून शोधत गेला आणि खाली बसला. "मीच सांगितलं होतं गं. टिकली झोपावी म्हणून."

त्याने 'रात्रीचा आवाज'समोरची खूण काढून टाकली. तेवढंच. माझा पंखा हळू झाला. किती काळाने मला नुसतं काढून द्यायचं काम मिळालं होतं.

"कॉपी कुठे आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही ठेवलीत ना?" ताई म्हणाली.

मग त्याने धावतपळत नवी तबकडी आणली आणि एकेक गोष्ट उतरवायला घेतली. माझं टक् टक् वाढत होतं. मी जीव मुठीत धरून वाचत होतो. एक आली, दुसरी आली, जवळजवळ सगळ्या आल्या. शेवटची निम्म्यावर आली आणि माझी तबकडी थांबली. त्याने पुन्हा लावून पाहिलं, गार करून पाहिलं. नाही झालं. ती गोष्ट बाबांनी स्वतः रचली होती, चुकीच्या गाडीत चढलेल्या करडाची. कुठल्या पुस्तकात ती सापडायची नाही.

मित्रांनो, घरातलं यंत्र ओरडू लागलं तर त्याच्यावर दार लावू नका. ते का ओरडतंय ते बघा. जे एकदाच मिळालं आहे त्याची आणखी एक प्रत आजच ठेवा, आणि ती ठेवली का ते एकमेकांना विचारा. आणि घरातलं माणूस 'हे बरोबर नाही' म्हणालं, तर त्याचं सांत्वन करायच्या आधी त्याचं ऐका.

काल ताईने ती अर्धी गोष्ट लावली. भरदार, खालच्या सुरातला आवाज खोलीत आला आणि बाबांनी डोळे मिटून मान हलवली, हाच. टिकली रांगत स्पीकरकडे निघाली, तिला आवाज तिथला वाटला. बाबांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, तिचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवला आणि आवाजाबरोबर ओठ हलवू लागले. टिकली ओठांकडे बघत राहिली. "मग वाहकाने करडाला विचारलं, तुला उतरायचंय तरी कु..." आणि आवाज संपला. जावयाने पाटी आणि खडू पुढे केला. "बाबा, पुढचं लिहून ठेवा ना." बाबांनी पाटीकडे पाहिलंही नाही. त्यांचे ओठ चालूच होते, करडू कुठे उतरलं ते सांगत होते, आणि टिकली त्यांच्या गळ्यावरचा हात न काढता ऐकत होती.