बाथरूमच्या फळीवरचा बंबवाला

मित्रांनो, मला कुणी ‘बाहुली’ म्हटले की माझ्या पोकळ डोक्यातसुद्धा आग पेटते. आणि आग विझवणे हेच तर माझे काम! मी एक जुना, व्हिनाइलचा, फायर ब्रिगेडचा जवान आहे. उंची जेमतेम वीतभर. त्यातले निम्मे डोके, आणि डोक्यावर लालभडक हेल्मेट. हातात पाण्याचा पाइप. उजव्या पायात काळा बूट आणि डाव्या पायात गुलाबी. हसू नका. तो गुलाबी बूट कुठून आला, हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. व्हिनाइल म्हणजे रबरासारखे मऊ प्लास्टिक. ते पातळ करून धातूच्या साच्यात ओततात, साचा भट्टीत गरागरा फिरवतात आणि मग आम्हाला गरम असतानाच पकडीने ओढून बाहेर काढतात. एका बाईने माझ्या हेल्मेटवर लाल रंग फवारला, दुसरीने बुटांवर काळा. शेवटी एका मऊ रबरी शिक्क्याने माझे डोळे आणि तोंड उमटवले. मित्रांनो, माझे तोंड हसरे होते. हे विसरू नका.

मग समोर पारदर्शक खिडकी असलेल्या खोक्यात बसून मी एका दुकानात आलो. तिथे एके दिवशी एक तरुण बाई आली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. डॉक्टरीणबाईंच्या हाताशी हत्यारे देणे, दातांचे साचे घेणे, कवळीचे गुलाबी मिश्रण कालवणे, अशी तिची कामे. तिने मला खोक्यासकट उचलले आणि बराच वेळ पाहिले.

“मुलगा की मुलगी?” दुकानदाराने विचारले. “म्हणजे कागद कुठला लावू?”

“माझ्यासाठीच हवाय,” ती म्हणाली.

“तुमच्यासाठी?”

“का? मला चालणार नाही का?”

दुकानदाराने साधा कागद लावला. तिचे कान मात्र लाल झाले होते, माझ्या हेल्मेटसारखे. त्याच क्षणी मी ठरवले, हे माझे माणूस.

तिने माझे नाव ठेवले बंबवाला. तिच्या छोट्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर मी उभा राहिलो. हळूहळू माझ्या शेजारी मंडळी जमली. एक अंतराळवीर, एक लठ्ठ आचारी, छत्रीवाली आजीबाई आणि एक भुवया उडवणारे मांजर. ती आम्हाला रंगाच्या जुन्या मऊ कुंचल्याने झाडायची, कपड्याने कधीच नाही, कारण कपड्याने रंग घासला जातो. उन्हाळ्यात आमचे पाय मऊ होऊन आम्ही पुढे कलायचो. मग ती आम्हाला क्षणभर गरम पाण्यात धरायची, पाय सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची. “हं, आता ताठ उभे राहा, बंबवाले,” असे म्हणायची. इतक्या मानाने मला पुन्हा कुणी वागवले नाही.

ते दिवस आठवले की बरे वाटते. आता संतापाचे दिवस सांगतो.

तिच्या धाकट्या भावाचे लग्न ठरले. घरात खोल्या मोजक्या. साहजिकच तिची खोली नव्या जोडप्याला गेली आणि ती आईच्या खोलीत झोपायला आली. या भावाचा अभ्यास तिने घेतला होता, त्याला सायकल तिने शिकवली होती. तिला वाटले, खोलीचे काय एवढे!

“ताई, तुझी ही फौज माळ्यावर टाकू ना?” भाऊ म्हणाला.

“माळ्यावर पत्र्याची उष्णता लागते रे. वितळतील ती. हॉलमध्ये एक फळी ठोकते.”

“हॉलमध्ये? अगं, लोक येतात जातात. या वयात बाहुल्या म्हणून हसतील.”

“मला हसतील. तुला कशाला त्रास?”

“तसं नाही गं...” असे म्हणत तो हसला. तो मनाने वाईट नव्हता, मित्रांनो. पण ‘तसं नाही गं’ म्हणून हसणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो.

हॉलची एक भिंत टीव्हीची होती, दुसरी सोफ्याची, तिसरी लग्नातल्या फोटोंची. आईच्या खोलीत शिवणयंत्र, औषधांचे कपाट आणि गाद्यांची चळत. पुढे भावाला मुलगी झाली, छोटी. ती रांगू लागली, आणि भिंतींचा खालचा भागही तिचा झाला. आता भाऊ सोडला तर सगळे घर आमच्या बाईला आत्या म्हणू लागले. आत्या भाजी निवडायची, आत्या बाळाला झोपवायची. आत्याच्या नावाची भिंत मात्र त्या घरात एकही नव्हती.

एका रविवारी तिने फळी घेतली, ड्रिल घेतले आणि सरळ बाथरूममध्ये शिरली. आरसा आणि खिडकी यांच्या मधोमध, शॉवरचे पाणी उडणार नाही अशा बेताने तिने फळी ठोकली. तिथे आम्हाला ओळीने उभे केले.

बाथरूम! मी, ज्याच्या हातात पाइप, तो टूथब्रशच्या शेजारी! समोर फिनेलची बाटली, खाली ओला पायपोस, दिवसभर नाकात साबणाचा वास! माझा संताप संताप झाला. त्यात आई दारातून डोकावली आणि म्हणाली, “बंबवाला ना हा? मग बरोबर आहे. आमच्या वेळी पाणी तापवायचा बंब न्हाणीघरातच असायचा.” आणि आत्या, जिने माझी बाजू घ्यायला हवी, ती खदखदून हसली.

पण मग मला कळले. संध्याकाळी दवाखान्यातून आली की ती आत यायची, कडी लावायची आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसायची. नळ थोडासा सोडून ठेवायची, म्हणजे बाहेर वाटावे की ही हातपाय धुते आहे. आमच्याकडे पाहत हळू आवाजात बोलायची. आज एका आजोबांची कवळी कशी नीट बसली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, असे काहीबाही. सगळ्या घरात आतून कडी लावता येईल अशी तिच्यासाठी तेवढीच एक जागा होती.

“ताई, झालं का? किती वेळ!” बाहेरून थाप पडायची.

“आलेच!”

एवढेच तिचे राज्य. माझा बाथरूमवरचा राग तेव्हा गेला. राहिलेला राग मी घराकडे वळवला.

एकदा भावाचे साहेब घरी आले. ते हात धुवायला आत गेले आणि बाहेर आले ते हसतच. “वा! काय झकास बाथरूम सजवलंय! असं कुठे पाहिलं नाही. कल्पना कोणाची?”

“आमचीच,” भाऊ म्हणाला.

आमचीच! उघड्या दारातून मला समोरच्या स्वयंपाकघरात आत्या चहा गाळताना दिसत होती. तिने ऐकले, कारण गाळणे तिच्या हातात थोडा वेळ तसेच राहिले.

त्या दिवसापासून बाथरूम घराची शान झाली. भावजयीने प्लास्टिकच्या वेली आणल्या. फळी पुरेना म्हणून आम्हाला टाइल्सच्या कडेवर, आरशाखाली, नळाच्या वर पसरवले. माझी जागा आली गरम पाण्याच्या पाइपाला लागून. मग एकदा छोटीचा हात लागून आचारी बादलीत पडला. भावाने लगेच उपाय काढला. आत्या दवाखान्यात असताना त्याने टाइल्सना लावायचा पक्का गोंद आणला आणि आम्हा एकेकाच्या तळव्याला फासून, दाबून, जागच्या जागी चिकटवून टाकले.

“ताई, डोळे मिटून आत ये!” संध्याकाळी तो उत्साहाने म्हणाला. “आता भूकंप झाला तरी हलायचे नाहीत!”

आत्याने मला उचलायला हात पुढे केला. मी हललो नाही. तिने आजीबाईला हात लावला, मांजराला लावला. कुणीच हलेना.

“अरे, मला विचारायचं तरी.”

“तुझ्यासाठीच केलं ना! फुटली असती एखादी.”

“आणि त्यांना इथून न्यायचं झालं तर?”

“कुठे न्यायचंय?” भाऊ हसला. “तू कुठे जाणार आहेस?”

मित्रांनो, त्याने हे प्रेमाने विचारले होते. म्हणूनच ते मला अजून सहन होत नाही. त्या संध्याकाळी तिने कडी लावली, पण नळ सोडला नाही.

दवाखान्याच्या वर एक खोली रिकामी होती. आत्याने ती डॉक्टरीणबाईंकडे मागितली आणि घरी सांगून टाकले. घरात गहजब झाला. आमचं काही चुकलं का, छोटीला कोण सांभाळणार, लोक काय म्हणतील! आत्या प्रत्येकाला एकच सांगत होती, “रविवारी येत जाईन.”

निघायच्या दिवशी ती बाथरूममध्ये आली ती दातांच्या फटी साफ करायचा मेणाचा दोरा घेऊन. दोरा दोन्ही बोटांना गुंडाळला, आमच्या तळव्याखाली सरकवला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढू लागली. अंतराळवीर सुटला, आचारी सुटला, आजीबाई सुटली, मांजरही सुटले. माझा उजवा बूट सुटला. पण डावा पाइपाच्या बाजूला होता. उष्णतेने तिथला गोंद दगडासारखा झाला होता. दोरा तुटला, दुसरा घेतला, तोही तुटला. तिच्या बोटांवर लाल वळ उठले.

“राहू दे ना ताई,” दारात उभा भाऊ म्हणाला. “एवढ्याशासाठी! मी नवीन आणून देतो.”

नवीन! मी नवीन मिळतो म्हणे!

“नवीन नको,” आत्या म्हणाली. “माझा आहे तो.”

तिने शेवटचा जोर लावला आणि मी घोट्यातून फाटलो. मी तिच्या हातात, माझा बूट टाइलवर. तेवढ्यात भावाच्या मागून आई आली. “ती फळीपण काढून दे रे तिला,” ती म्हणाली. “तिने ठोकलीय ती.” मग भावाने स्क्रू काढले.

नव्या खोलीत सगळ्या भिंती आत्याच्या होत्या. तिने फळी दाराच्या समोर लावली आणि मला मधोमध ठेवले. मी सारखा कलंडायचो. मग तिने दवाखान्यातून कवळीचे गुलाबी मिश्रण आणून मला नवा बूट घडवला. गुलाबी! फायर ब्रिगेडमध्ये असा बूट कुणी पाहिला आहे? मी रुसलो, पण मी सरळ उभा राहिलो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी आत्या असेल, मावशी असेल, काका असेल. त्यांच्या आवडीची चार खुळी चित्रे, बाहुल्या, शंख-शिंपले असतील. त्यांना हसू नका. त्यांना एक भिंत द्या. आणि त्यांच्या वस्तूला हात लावण्याआधी, अगदी प्रेमाने लावायचा असला तरी, विचारा.

मागच्या रविवारी दारावरची घंटा वाजली. भाऊ आला होता, छोटीला घेऊन. “आत्या, तुझ्या बंबवाल्याचा बूट अजून आमच्याकडेच आहे!” छोटीने आल्या आल्या सांगितले. “आई खरवडत होती, तर बाबा ओरडले. म्हणाले, राहू दे तो तिथेच.”

भाऊ उंबऱ्यातच उभा राहिला. “येऊ का आत?” त्याने विचारले. इतक्या वर्षांत तिच्या दारात उभे राहून त्याने असे कधी विचारले नव्हते.

“ये की,” आत्या म्हणाली.

तो आत आला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. “ताई, हा माझ्याकडे रागाने बघतोय.”

“काहीतरीच तुझं. त्याचा चेहराच तसा आहे.”

नाही, मित्रांनो. कारखान्यातून निघालो तेव्हा मी हसत होतो.