पुलाअलीकडचं दूध

पूल बंद झाल्याची बातमी गोठ्यात पोचली तेव्हा सकाळच्या धारा नुकत्याच काढून झाल्या होत्या. पुलाच्या एका खांबाला तडा गेला होता आणि तपासणी होईपर्यंत सायकलसुद्धा सोडायची नाही, असा हुकूम निघाला होता. म्हणजे दुधाची गाडी येणार नव्हती. आदल्या संध्याकाळची फेरीही गाडी बिघडल्यामुळे चुकली होती, त्यामुळे दोन वेळचं दूध हौदाच्या पाण्यात डब्यांमध्ये उभं होतं. सकाळचं अजून ताजं होतं, पण कालचं कसंबसं तग धरून होतं. वर ऊन तर असं तापायला लागलं होतं, की हौदाचं पाणीही हाताला कोमट लागत होतं.

घरात तिघंच होते. म्हातारे सासरे, धाकटा मुलगा आणि धाकटी सून. थोरला मुलगा आणि थोरली सून पुलापलीकडे लेकीला नवीन घर लावून द्यायला गेले होते. सासऱ्यांनी थोरलीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"एवढं दूध घरात आटोपायचं म्हणजे खेळ आहे का, बाबा?" थोरलीचा आवाज अंगणभर घुमला. "मी असते तर गोष्ट वेगळी. तिच्याच्यानं नाही व्हायचं. उगाच भांडी करपवून ठेवेल. शेतात ओतून द्या आणि मोकळे व्हा."

'ती' खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला.

खरं म्हणजे थोरलीचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. धाकटी लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि एका पडद्याची दुमड घालायला म्हणून मशीनवर बसली. दुमड झकास बसली, पण दूध ओट्यावरून खाली जमिनीवर, आणि तिथून थेट सासऱ्यांच्या चपलांमध्ये पोचलं. तेव्हापासून स्वयंपाकघर थोरलीचं आणि मशीन धाकटीचं, अशी कुणी न बोलता वाटणी होऊन गेली होती. धाकटी भाजी चिरून द्यायची, पीठ मळून द्यायची. पण पातेलं चढवायला आणि उतरवायला हात थोरलीचाच.

नवऱ्यानं सुस्कारा टाकला आणि हौदातला पहिला डबा उचलला.

"ठेवा तो खाली," धाकटी दारात येऊन म्हणाली.

"अगं, पण वहिनी म्हणाल्या..."

"ऐकलं मी. सगळ्या आळीनं ऐकलं. ठेवा आधी खाली."

नवरा मुळात वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्यानं डबा ठेवला. धाकटीनं पदर खोचला, माळ्यावरची मोठी पातेली खाली काढायला लावली आणि अंगणात विटांच्या चुली मांडायला सांगितल्या. त्याआधी तिनं एक काम केलं. कालच्या डब्यांवर रात्रभरात जाड साय धरली होती, ती डावानं अलगद काढून एका मातीच्या घागरीत भरली आणि घागर सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. तिला वाटलं, चला, सुरुवात तर बरी झाली.

आणि पहिलंच पातेलं करपलं.

घाई झाली होती. कोरड्या पातेल्यात दूध ओतलं, खाली जाळ भडकलेला. बघता बघता तो ओळखीचा वास अंगणभर पसरला. धाकटीचे कान तापले. तिनं डाव घेतला आणि तळ खरवडायला गेली.

"सूनबाई! खालून ढवळू नकोस!" सासरे ओसरीवरून ओरडले. त्यांचे कान गेले होते, पण नाक शाबूत होतं. "वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घे. खालचं राहू दे खाली. आणि आधी भांडं पाण्यानं विसळून घे. तुझी सासू पातेलं ओलं केल्याशिवाय दूध ओतायची नाही."

धाकटीनं तसंच केलं. वरचं दूध चाखून बघितलं. किंचित धुरकट लागत होतं, पण वासरांना चालण्यासारखं होतं. पुढची सगळी पातेली तिनं पाण्यानं विसळली, जाळ बेताचा ठेवला आणि प्रत्येक पातेल्यावर एक लाकडी पळी आडवी टाकली. सकाळचं दूध फुगून वर आलं, पळीला टेकलं आणि निमूट खाली बसलं.

आता कालच्या दुधाची पाळी. ते तापायला लागलं, कडेनं बुडबुडे आले, आणि मग मधोमध पांढरे कण तरंगायला लागले. खाली हिरवट पाणी.

"फाटलं," नवरा म्हणाला.

धाकटी विटेवर बसली. सगळ्यात जास्त दूध कालचंच होतं. तिनं चमच्यात ते कण घेतले आणि तोंडात टाकले. आंबट नव्हते, कडूही नव्हते. मऊ, गोडसर लागत होते. तिनं परत चाखलं.

"फाटलंय ना? मग अर्धवट कशाला, नीट फाडू या," ती उठत म्हणाली. "पनीर करू. घरात लिंबं किती आहेत?"

"दोन."

"एवढ्या दुधाला दोन लिंबं?"

नवऱ्यानं डोकं खाजवलं. "रस्त्यावर लिंबांचा ट्रक अडकलाय एक. सकाळी बघितला मी."

ती पायात चपला सरकवून स्वतःच निघाली. रस्त्यावर वाहनांची ही रांग लागली होती. लोक झाडाखाली, चाकाआड, जिथं सावली मिळेल तिथं बसले होते. लिंबांचा ट्रकवाला ट्रकखाली तोंडावर टोपी घेऊन आडवा झाला होता.

"दादा, लिंबं हवीत. बरीच हवीत. बदल्यात जेवायला घालते."

त्यानं टोपी न काढता विचारलं, "काय आहे जेवायला?"

"अजून काही नाही. तुमची लिंबं आली की होईल."

टोपी बाजूला झाली. तो उठून बसला आणि हसायला लागला. "सकाळपासून चहाचा थेंब नाही पोटात. चला, एक टोपली उतरवतो."

मागेच एक बस उभी होती. बसच्या सावलीत धिप्पाड मुलींचा एक घोळका पाय पसरून बसला होता. रस्सीखेचीच्या स्पर्धेला निघालेला संघ होता तो. त्यातली कप्तान, जिचे खांदे दाराच्या चौकटीएवढे होते, उठून उभी राहिली.

"काकू, जेवण म्हणालात का तुम्ही? आम्हीपण उपाशी आहोत."

धाकटीनं तिच्या दंडांकडे बघितलं, मग इतर मुलींच्या दंडांकडे. "चला सगळ्या. पण आयतं मिळणार नाही. हात चालवावे लागतील."

"हातच तर आहेत आमच्याकडे!" कप्तान म्हणाली, आणि सगळा संघ धूळ झटकत उठला.

त्यानंतर त्या अंगणात जे सुरू झालं ते सासरे पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. दोघी लिंबं पिळत होत्या, चौघी ढवळत होत्या. लिंबाचा रस पडला की दूध मनापासून फाटायचं, पांढरे गोळे वेगळे, पाणी वेगळं. गाळायला कापड कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता. धाकटीच्या कपाटात अस्तराचं पातळ सुती कापड भरपूर होतं. तिनं ते धुऊन, उकळून, टराटरा फाडून चौकोन केले आणि गाठोडी बांधून कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगली. खाली बादल्या. लिंबूवाला गाठोडी पिळत होता आणि प्रत्येक पिळ्याला "ये बाहेर, ये!" म्हणून पाण्याला दम देत होता.

निघालेलं पाणी धाकटीनं फेकू दिलं नाही. त्यात मीठ घातलं, थोडी साखर घातली, वर लिंबू होतंच. नवऱ्याला तिनं ती बादली घेऊन रस्त्यावर पाठवलं. तो परत आला तेव्हा बादली रिकामी होती आणि मागे पंधरावीस माणसं होती.

"आणखी आहे का, विचारतायत," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की धाकटीला हसू आलं.

"आहे म्हणा. पण येताना ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन यायचं."

कुणी तांदूळ आणला, कुणी साखरेची पिशवी, एका बाईनं अंड्यांची टोपली आणली, पाववाल्यानं पाव आणले. तांदूळ सकाळच्या दुधात पडला आणि मंद आचेवर रटरटायला लागला. एक मोठं पातेलं धाकटीनं चुलीवरून उतरवून निववलं. दूध कितपत निवलं हे बघायला ती सारखी करंगळी बुडवत होती. करंगळीला नुसती ऊब लागली तेव्हा तिनं विरजण घातलं, दूध लहान भांड्यांत वाटून टाकलं आणि सगळ्या भांड्यांना गोधड्यांत गुंडाळून उन्हाच्या कडेला नेऊन ठेवलं.

"यांना ताप आलाय का?" लिंबूवाल्यानं विचारलं.

"आला तर बरं. हात लावू नका."

उरली ती सायीची घागर. धाकटीनं तिच्यात रवी सोडली, खांबाला अडकवली, दोरीचे वेढे दिले आणि कप्तानला हाक मारली.

"हे तुमच्या कामातलं आहे. पण दोन्ही बाजूंनी एकदम ओढायची नाही. एकीनं ओढायची, दुसरीनं सोडायची."

"सोडायची?" कप्तानचा चेहरा पडला. "आम्हाला सोडायचं शिकवलेलंच नाही, काकू."

पहिल्याच ओढीला खांब कुरकुरला आणि घागर कलंडता कलंडता वाचली. मग संघाबरोबर आलेल्या प्रशिक्षक बाईंनी शिट्टी काढली. एक शिट्टी डावीकडची, एक शिट्टी उजवीकडची. हळूहळू लय सापडली. रवी घुमायला लागली, साय फसफसली, जड झाली, दोरी अडखळायला लागली. धाकटीनं वरून गार पाण्याचा हबका मारला. आणखी थोड्या शिट्ट्या झाल्या आणि आतून धपधप असा निराळाच आवाज आला. तिनं हात घातला आणि पिवळसर लोण्याचा गोळा वर काढला, नारळाएवढा.

मुलींनी असा काही जल्लोष केला की गोठ्यातल्या गाई दचकून उभ्या राहिल्या.

"अगं, कप जिंकलात की काय?" सासरे म्हणाले. त्यांनासुद्धा ऐकू गेलं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा पंगत बसली. पाव दुधात आणि अंड्यात बुडवून नव्या लोण्यावर परतले होते. पनीरच्या जाड चकत्यांवर मीठ आणि मिरपूड. दुधात शिजलेला गोड भात असा घट्ट, की पळी त्यात उभी राहावी. गोधड्या उलगडल्या तेव्हा दह्याचं एक भांडं वगळता बाकी सगळी छान लागलेली. लोक ताटं, झाकणं, पाण्याचे कप, मिळेल ते पुढे करत होते. नवरा वाढत होता आणि विचारो न विचारो, प्रत्येकाला सांगत होता, "सगळं आमच्या हिनं केलंय." शेवटच्या डब्यातलं दूध साखर घालून आटत होतं, आणि त्याच्याशी कप्तान एकटीच झुंजत होती. दुसऱ्या कुणाला ती पळीला हात लावू देत नव्हती.

मग पलीकडून हॉर्न ऐकू आले. आधी एक, मग चार, मग रांगच्या रांग वाजायला लागली. तपासणी होऊन पूल पुन्हा उघडला होता. मुली धावतच बसकडे गेल्या. बस हलली तेव्हा खिडक्यांतून हात बाहेर आले आणि सगळ्या एका सुरात ओरडल्या, "काकू, ओढा!"

पुलावरून सगळ्यात आधी आली ती दुधाची गाडी, आणि गाडीत पुढे बसून थोरली. लेकीच्या घरचं आटपताच ती सापडेल त्या गाडीनं निघाली होती. अंगणात पाऊल टाकताच तिनं नाक वर केलं.

"एक पातेलं करपलं ना?"

"हो, पहिलंच," धाकटी म्हणाली. "घासून ठेवलंय."

थोरलीनं कुंपणाकडे बघितलं. तिथं धुतलेले डबे उपडे घातले होते, सगळेच्या सगळे. ती एकेका भांड्याशी गेली. झाकण उचललं, ठेवलं. पनीर बोटानं दाबून पाहिलं. लोण्याचा वास घेतला. दह्याचं भांडं तिरपं केलं, दही जागचं हललं नाही.

"एवढ्यात कसं लागलं हे?"

"गोधड्यांत गुंडाळलं."

"माझ्या गोधडीत?"

"तुमचीच सगळ्यात जाड आहे, ताई."

थोरलीला हसू फुटलं. पण ते आवरून ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला नव्हतं वाटलं गं तुला जमेल."

"माहीत आहे. फोन स्पीकरवर होता."

थोरलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ओसरीवर सासरे, गोठ्याच्या दारात धाकटीचा नवरा, गाडीजवळ दूधवाला. ती क्षणभर घुटमळली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्यानं बोलली, फोनवर बोलली होती तितक्याच मोठ्यानं.

"सकाळी बोलले ते चुकले मी. हे मलाही जमलं नसतं. मी निम्मं तरी ओतून दिलं असतं."

दिवसभर पातेल्यांना, पाहुण्यांना, नवऱ्याला हुकूम सोडणारी धाकटी, आता नुसती पदराचा शेव चाळवत उभी राहिली. थोरलीनंच तिला हाताला धरून पायरीवर बसवलं.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

धाकटीनं आठवून पाहिलं आणि नकाराची मान हलवली. थोरली आत गेली, ताट घेऊन आली, आणि वाढायला म्हणून पातेल्याशी वाकली. मग तशीच थांबली.

"भात किती देऊ? तूच सांग, तुझं पातेलं आहे."

"भरपूर द्या," धाकटी म्हणाली. "आणि तुम्हीपण घ्या."

दोघी पायरीवर शेजारी बसल्या. गोठ्यात नवरा संध्याकाळच्या धारांना बसला होता, बादलीत सुरसुर आवाज येत होता, आणि दुधाची गाडी त्या ताज्या दुधाची वाट बघत फाटकाशी उभी होती. धाकटीनं पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटून चावला.

"साखर जरा जास्त झाली," तिनं स्वतःच निकाल दिला, आणि ताट थोरलीपुढे करून आणखी वाढून घेतलं.